कार्डावर गेलेला फुटबॉल

आबिदा परकार अरबी बोलायला लागली की ऐकणारा आधी चकित होतो आणि मग हसतो. जेद्दात हिंदुस्थानातून आलेल्या बायकांची अरबी सहसा बाजारापुरती असते. हे केवढ्याला, ते नको, खलास, यल्ला. आबिदाचं तसं नाही. तिची वाक्यं लांब आणि व्याकरणात चोख बसलेली असतात, आणि साधी गोष्ट सांगतानाही तिचा आवाज हळूहळू चढत जातो, जणू आता काहीतरी घडणार आहे. कोथिंबीर संपली एवढंच सांगायचं असलं तरी समोरचा कान टवकारतो. एकदा एका टॅक्सीवाल्यानं न राहवून विचारलं, "खाला, अरबी कुठल्या मदरशात शिकलात?"

"टीव्हीच्या," ती म्हणाली.

"कार्टून बघून?"

"फुटबॉल बघून."

टॅक्सीवाल्याला वाटलं, बाई थट्टा करतेय. पण ते अक्षरशः खरं होतं.

बाणकोटच्या खाडीकाठची ही मुलगी लग्न होऊन जेद्दात आली ते १९९४ साल होतं. नवरा बदरुद्दीन बलद या शहराच्या जुन्या वस्तीतल्या एका टीव्ही-रेडिओच्या दुकानात मेकॅनिक होता. दुकान उसामा नावाच्या तरुण सौदी माणसाचं. तोच बदरुद्दीनचा कफील, म्हणजे त्याचा इकामा, तिथं राहायचा परवाना, ज्याच्या नावावर निघतो तो धनी. राहायची जागाही त्याच्याच कुटुंबाच्या जुन्या इमारतीत मिळाली होती. आबिदाच्या दारासमोरच्या दारात उसामाची आई रुकय्या राहायची. नवरा वारलेला, मुलं मोठी झालेली, पाय दुखणारे आणि आवाज खणखणीत. नवी सून आली हे कळल्यावर ती खजुरांचं ताट घेऊन आली, आबिदाला नखशिखान्त न्याहाळलं आणि अरबीत काहीतरी लांबलचक बोलली. आबिदाला त्यातला एकच शब्द कळला, खाला. मावशीला बाणकोटातही खालाच म्हणतात. रुकय्या स्वतःकडे बोट दाखवून तेच म्हणत होती. तिथून त्या दोघींचं सुरू झालं.

बदरुद्दीन सकाळी दुकानात जायचा तो दुपारच्या जेवणाला यायचा आणि पुन्हा जायचा. घरात आबिदा एकटी. बाहेर एकटीनं जायचं म्हणजे कुठं आणि कशाला. भाषा येत नाही, रस्ते ठाऊक नाहीत. ती समोरच्या दारी जाऊन बसायला लागली. त्याच उन्हाळ्यात अमेरिकेत फुटबॉलचा वर्ल्ड कप होता आणि सौदीचा संघ पहिल्यांदाच त्यात पोहोचला होता. सामने सरकारी वाहिनीवर लागायचे. छतावर साधी अँटेना असली की झालं. रुकय्याच्या बैठकीत आजूबाजूच्या बायका जमायच्या. कुणी मक्केकडची, कुणी येमेनची, एक सुदानी शिवणवाली. चहा, भाजलेल्या बिया, मांडीवर पोरं आणि समोर टीव्ही.

आबिदाला फुटबॉल म्हणजे काय तेही माहीत नव्हतं. गावात पोरं क्रिकेट खेळायची, तेसुद्धा तिनं कधी लक्ष देऊन पाहिलं नव्हतं. पण त्या संध्याकाळी सौदीचा एक खेळाडू आपल्याच अर्ध्यातून चेंडू घेऊन निघाला, एकाला चुकवलं, दुसऱ्याला चुकवलं, आणि टीव्हीतल्या बोलणाऱ्याचा आवाज त्याच्याबरोबर धावायला लागला. शब्द कळत नव्हते, पण तो माणूस काय सांगतोय ते कळत होतं. आता हा जातोय, अजून जातोय, याला कुणी अडवत कसं नाही. रुकय्यानं आबिदाचं मनगट गच्च धरलं होतं. गोल झाला तेव्हा तिच्या हातावर बांगडीचे वळ उठले होते.

दुसऱ्या दिवशी खुब्जवाला तंदुरापाशी उभा राहून त्या बोलणाऱ्याचीच वाक्यं म्हणून दाखवत होता. पोत्याएवढं पोट सावरत, अगदी त्याच चढउतारानं. आबिदा रोटी घ्यायला आली होती. तिला त्यातले तीन-चार शब्द ओळखीचे वाटले. परक्या मुलखातली ओळखीची पहिली गोष्ट. घरी येऊन तिनं ते शब्द स्वतःशीच म्हणून पाहिले.

मग ती सामना असला की बसायचीच. लीगचे सामनेही फुकटच दिसायचे. जेद्दाचे दोन मोठे क्लब, एकाचे पाठीराखे पिवळ्या-काळ्या रंगाचे, दुसऱ्याचे हिरव्या. रुकय्या हिरव्यांची, म्हणून आबिदाही हिरव्यांची. बोलणारा जे म्हणेल ते तिच्या डोळ्यासमोर त्याच क्षणी घडत असायचं, त्यामुळे अर्थ विचारायला कुणाकडे जावं लागायचं नाही. 'डावीकडून' म्हटलं की चेंडू डावीकडून यायचा. 'अरेरे, किती जवळून' म्हटलं की तो खांबाला लागून गेलेला असायचा. वर्षभरात तिला पंचावर चिडता यायला लागलं. दोन वर्षांत रुकय्याशी भांडता यायला लागलं.

मुलीच्या, मेहेकच्या वेळी दिवस भरून गेले तरी कळा येईनात. तपासणाऱ्या इजिप्तच्या डॉक्टरीणबाईंनी कागद बघत विचारलं, "तारीख कधीची होती?"

आबिदा टेबलावर आडवी पडल्यापडल्या गंभीरपणे म्हणाली, "नव्वद मिनिटं केव्हाच संपली, डॉक्टर. आता वक्त बदल दाइअ चालू आहे."

वाया गेलेल्या वेळेपोटी पंच वरून जी मिनिटं देतो, त्याला अरबीत वक्त बदल दाइअ म्हणतात. डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. नर्सनं ते बाहेर जाऊन सांगितलं, आणि बाळंतपण होईपर्यंत वॉर्डातली प्रत्येक बाई येऊन विचारून गेली की शिट्टी कधी वाजणार. त्या दिवसापासून आबिदाला आपल्या अरबीची लाज वाटायची बंद झाली. माणसं हसतात, पण जवळ येतात, एवढं तिनं ताडलं.

मेहेक पहिलीत गेली त्या सुमाराला जपान आणि कोरियाचा वर्ल्ड कप आला, आणि सामने कार्डावर गेले.

हा शब्द आबिदानं नवऱ्याच्या तोंडून ऐकला. सामने दाखवायचे हक्क पैसे घेऊन विकले जातात, ते यंदा एका खासगी वाहिनीनं घेतले, आणि बघायचं असेल तर डिश हवी, तिचा वेगळा रिसीव्हर हवा आणि त्यात घालायला कार्ड हवं, असं बदरुद्दीननं जेवताना समजावलं. तो खुशीत होता. दुकानात रांगा लागल्या होत्या. दिवसभर तो या गच्चीवरून त्या गच्चीवर डिशा बसवत फिरत होता आणि उन्हानं नाकाची साल निघाली तरी घरी हसत येत होता.

"मग खालाकडे कधी बसवताय?" आबिदानं विचारलं.

"बसवला की. आजच."

बसवला होता, पण वर नाही. उसामाची मजलिस, म्हणजे पुरुषांची बैठकीची खोली, तळमजल्यावर होती. रिसीव्हर महाग, कार्ड एकच, आणि मित्रमंडळी बघायला येणार, तेव्हा तो तिथंच लागायचा हे उघड होतं. त्यावर कुणी चर्चासुद्धा केली नाही. रुकय्याच्या खोलीतला टीव्ही होता तसाच राहिला, फक्त त्यावर सामना लागेना. पहिल्या दिवशी बायका सवयीनं आल्या. बराच वेळ चॅनल फिरवून झाल्यावर एका मालिकेवर थांबल्या. खालून ओरडा आला की सगळ्या गप्प होऊन ऐकायच्या, मग अंदाज बांधायच्या. मुलगी लहान होती, तिला कुठंही जाता यायचं. आबिदा तिच्या हातात चहाच्या पेल्यांचं तबक द्यायची आणि सांगायची, "जा बाय, देऊन ये. आणि येताना विचारून ये, किती किती झालं."

मेहेक जायची, यायची आणि काहीतरी उलटसुलट सांगायची.

आठवड्यानं आबिदा नवऱ्याला म्हणाली, "एक वायर ओढा की खालून वर. रिसीव्हर तोच राहील. त्यांना जे दिसतं तेच आम्हाला दिसेल. तुम्हाला काय, तासाचं काम."

बदरुद्दीन चपलेचा अंगठा दुरुस्त करत होता. त्यानं मान वर केली नाही. "तासाचं पण नाय. पण मालकाच्या मजलिसातनं मी वायर काढायची आणि बायकांच्या खोलीत न्यायची? तो आपणहून बोलला तर गोष्ट वेगळी."

"तुम्ही विचारा."

"इकामा त्याच्या हातात आहे, आबिदा."

रुकय्या मुलाला सांगू शकली असती. तिनं सांगितलं नाही. ज्या मुलाला आईची खोली दिसली नाही, त्याला आपण दाखवायची कशाला, असा तिचा ताठा होता. आबिदानंही नवऱ्याकडे पुन्हा विषय काढला नाही.

वर्ल्ड कप संपला, पण कार्ड राहिलं. पुढं लीगचेही बरेचसे सामने कुठल्या ना कुठल्या पैसे भरायच्या वाहिनीकडे गेले. बैठकीत बायका येत राहिल्या, पण आता वेळ ठरलेली नव्हती, तेव्हा कुणी आली कुणी नाही. सुदानी शिवणवाली आधी यायची थांबली. येमेनी बाईला तुर्की मालिका आवडायला लागल्या. रुकय्या हिरव्यांचा निकाल दुसऱ्या दिवशी मुलाकडून ऐकायची आणि चेहऱ्यावर काही दाखवायची नाही. आबिदाची अरबी त्या वर्षांत होती तिथंच थांबली. नवे शब्द कुठून येणार? तिनं भरतकाम काढलं, मेहेकचा अभ्यास काढला. इंडियन स्कूलमध्ये जाणारी मेहेक आईनं कोकणीत विचारलेल्या प्रश्नाला हिंदीत उत्तर द्यायची आणि चिडली की इंग्रजीत.

मग काही वर्षांनी वारं फिरलं. लीगचे हक्क पुन्हा अशा वाहिन्यांकडे आले की ज्या कुणालाही फुकट दिसत. बदरुद्दीन दुकानातून आला आणि काही न बोलता समोरच्या घरात जाऊन रुकय्याच्या टीव्हीवर चॅनल लावून आला. आबिदानं मोठ्या उत्साहानं चहा टाकला, बिया भाजल्या, जुन्या मैत्रिणींना निरोप पाठवले. दोघीच आल्या. त्यातल्या एकीनं मध्यंतराच्या आधीच विचारलं, "यापेक्षा ती मालिका लावू या का?"

रुकय्या म्हणाली, "विहीर बुजली की गाव दुसरीकडे पाणी भरायला शिकतं. नंतर तुम्ही ती उपसा हवी तेवढी."

तरी त्या दोघी बघत राहिल्या. रुकय्याला आबिदा पुरे होती आणि आबिदाला रुकय्या. २०१८ साली बायकांना स्टेडियमात जायची परवानगी मिळाली, तेव्हा उसामानंच दोघींना तिकिटं आणून दिली आणि गाडीनं सोडलंही. एवढी वर्षं टीव्हीच्या काचेत पाहिलेलं हिरवं मैदान खरंच तेवढं हिरवं होतं. लोक गात होते, ढोल वाजत होते. पण दहा मिनिटांत आबिदा अस्वस्थ झाली. चेंडू लांब कुठंतरी होता, कुणाकडे आहे ते कळत नव्हतं, आणि काय चाललंय ते सांगायला कुणीच नव्हतं.

"इथं कुणी बोलत नाही," ती रुकय्याच्या कानाशी म्हणाली.

"चाळीस हजार लोक ओरडतायत, आणि म्हणे कुणी बोलत नाही."

"तसं नाही खाला. तो बोलणारा नाही."

रुकय्याला मात्र मैदान फार आवडलं. ती पुन्हा पुन्हा गेली असती, पण तोवर साखरेनं तिचे डोळे धरले होते. आधी कडा गेल्या, मग मधलं धूसर झालं. दोन शस्त्रक्रिया झाल्या. दुसरीनंतर तिला उजेड आणि सावली तेवढी कळायला लागली. त्याच काळात बलदमधल्या जुन्या इमारती सरकारनं दुरुस्तीसाठी रिकाम्या करून घ्यायला सुरुवात केली. उसामानं आईला आपल्या नव्या बंगल्यात यायला सांगितलं. तिनं स्वच्छ नकार दिला. "आबिदा जाईल तिथं मला घर बघ." शेवटी शरफियातल्या एका इमारतीत समोरासमोर दोन दारं मिळाली. बदरुद्दीननं रुकय्याच्या टीव्हीची जोडणी सगळ्यात आधी केली, स्वयंपाकघराच्याही आधी.

पण टीव्हीवरचा सामना नुसत्या कानांनी ऐकता येत नाही, हे तेव्हा कळलं. टीव्हीतला बोलणारा बघणाऱ्यांसाठी बोलतो. चेंडू कुठं आहे ते तो सांगत नाही, कारण ते सगळ्यांना दिसतच असतं. तो सांगतो खेळाडूचं वय, कितव्या सामन्यात कितवा गोल, कुणाला कुठल्या क्लबनं किती देऊन घेतलं. रुकय्या चिडून विचारायची, "अरे पण चेंडू कुठं आहे?"

"उजवीकडे, कोपऱ्याजवळ," आबिदा सांगायची. "आपला आहे. पुढं माणूस नाही. थांबला. मागं दिला."

असं सांगता सांगता एक दिवस रुकय्या म्हणाली, "त्याचा आवाज बंद कर. तू बोल."

तेव्हापासून आबिदा बोलते. टीव्ही मुका, समोर सोफ्यावर पाय वर घेऊन बसलेली रुकय्या, आणि शेजारी खुर्चीच्या कडेवर टेकलेली आबिदा. लहानपणीच्या शिक्षकांचं वळण जसं अक्षरात उतरतं, तसे तीस वर्षांतले सगळे बोलणारे तिच्या आवाजात उतरलेले आहेत. पण काही तिचं स्वतःचंही आहे. पडून लोळणाऱ्या खेळाडूला ती 'वाळूवरचा बांगडा' म्हणते. बांगडा हा मासा आहे हे रुकय्याला तिनं आधी समजावून सांगितलं. आता रुकय्याच विचारते, "पडला का? बांगडा का?"

गेल्या थंडीत मेहेक मक्केच्या यात्रेला, उमऱ्यासाठी आली तेव्हा तिनं हे पहिल्यांदा पाहिलं. पुण्यात कॉलेज, मग अमेरिकेत पुढचं शिक्षण, आणि आता ती ओहायोतल्या एका कंपनीत नोकरीला आहे. टीव्हीवर आणि मोबाइलवर कोण काय बघतं याच्या पाहण्या करून ती कंपनी वाहिन्यांना आणि खेळांच्या मंडळांना विकते. मेहेककडे सध्या सॉकर होतं. तिकडे फुटबॉलला सॉकर म्हणतात, आणि फुटबॉल म्हटलं की वेगळाच खेळ, हे आबिदाला अजूनही पटलेलं नाही.

मेहेक दारात उभी राहून आईचं बोलणं ऐकत होती. मध्यंतर झालं तशी ती आत येऊन रुकय्याच्या पायाशी बसली.

"अम्मी, हे तू रोज करतेस?"

"सामना असतो त्या दिवशी. तुझं काम कसं चाललंय? अजून तेच, माणसं मोजायचं?"

मेहेक हसली आणि सांगायला लागली. अर्धं हिंदीत, अर्धं इंग्रजीत, आणि मधेमधे आईसाठी आणलेलं कोकणी. अमेरिकेतल्या तिच्या शहरात शनिवारी सकाळी लोक हॉटेलात अंडी आणि कॉफी घेऊन इंग्लंडचे सामने बघतात. टीव्हीवरच्या मोठ्या, नेहमीच्या वाहिन्यांनी ते सामने बरीच वर्षं दाखवले, त्यानं सवय लागली. आणि त्यांच्या स्वतःच्या शहराचा संघ, ज्याचं स्टेडियम भरतं, त्याचे सामने मात्र एका कंपनीनं कित्येक वर्षांचे हक्क घेऊन आपल्या ॲपवर नेले. वेगळी वर्गणी भरली तर दिसतात.

"कार्डावर गेले," आबिदा म्हणाली.

"एक्झॅक्टली. आमच्या साहेबांना हेच बघायचंय, की त्यानं नुकसान होतंय का. आणि नंबर्स तो अच्छे हैं. जे वर्गणी भरतात ते आधीपेक्षा जास्त सामने बघतात. एकही चुकवत नाहीत."

"खाली मजलिसमध्येपण कुणी चुकवत नव्हतं."

रुकय्या इतका वेळ दोघींच्या आवाजाच्या दिशेनं मान फिरवत होती. तिनं अरबीत विचारलं, काय बोलताय. आबिदानं थोडक्यात सांगितलं. तशी रुकय्या मेहेकच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "ही एवढी फुटबॉलची माणसं मोजते. हिला स्वतःला का नाही आवडला कधी? आपल्या दोघींच्या मांडीवर वाढली."

आबिदाच्याही मनात हे होतंच. मुलगी आपल्यासारखी नाही निघाली, हे तिनं केव्हाच मान्य करून टाकलं होतं, पण कुठंतरी ते खुपायचं. आपल्याला जे आवडतं ते आपल्या पोटच्या पोरीला कंटाळवाणं वाटतं. अडाणी आईची आवड म्हणून असेल, असाही विचार यायचा.

मेहेक म्हणाली, "घरी कधी लागायचाच नाही ना, दादी. मी लहान होते तेव्हा—" आणि तिथंच थांबली.

टीव्हीवर जाहिराती चालू होत्या, आवाज नसलेल्या.

"मला फुटबॉल म्हटलं की तबक आठवतं," मेहेक सावकाश म्हणाली. आता ती कोकणीत बोलत होती. "जिन्यावरून सांडू न देता न्यायचं. आत धूर, सगळे बाप्ये पडद्याकडे बघणारे, कुणी माझ्याकडे बघायचं नाय. मला वाटायचं फुटबॉल म्हणजे ती खोली. आपण तिथं चहा नेऊन द्यायचा आणि परत यायचं. तू स्कोअर विचारायला सांगायचीस, मला विचारायची भीती वाटायची. मी मनाचंच सांगायची."

"मनाचंच?" आबिदा म्हणाली.

"दर वेळेला."

आबिदाला हसू आलं आणि लगेच विरलं. इतकी वर्षं तिला वाटत होतं की त्या कार्डानं तिची आणि खालाची करमणूक गेली, बस. हातात तबक घेऊन जिना उतरणारी पोर तिनं त्या हिशेबात धरलीच नव्हती. तिला आठवत होता तो खालून येणारा ओरडा, आणि आपण कानोसा घेत उभ्या. पोरीकडे आपलंही लक्ष नव्हतं. तिनं मेहेकचा हात हातात घेतला आणि पुष्कळ वेळ सोडला नाही. रुकय्यानं विचारलं, "काय म्हणतेय ती?" तेव्हा आबिदानं सांगितलं.

"मी उसामाला एक शब्द टाकायला हवा होता," रुकय्या म्हणाली. मग, "सुरू झाला का पुढचा डाव? बोल."

मेहेक परत गेली ती एक गोष्ट डोक्यात घेऊन. पाहणीत कंपनी फक्त आज बघणाऱ्यांना विचारायची. तिनं साहेबांकडे हट्ट धरला की न बघणाऱ्यांनाही विचारा, आणि त्यांना एवढंच विचारा: तुम्ही लहान असताना तुमच्या घरी सामना लागायचा का? साहेबांनी कुरकुरत एक प्रश्न वाढवू दिला. उत्तरं आली ती तिनं फोनवर आईला सांगितली. ज्यांच्या घरी लागायचा त्यांतले खूप जण आजही बघत होते, मग पैसे भरून का होईना. मेक्सिकोकडून आलेल्या घरांत हे सगळ्यात ठळक होतं, कारण तिथं स्पॅनिश वाहिन्यांवर सामने वर्षानुवर्षं फुकट लागत आले. ज्यांच्या घरी लागला नाही ते नव्यानं क्वचितच वळले होते.

"मग साहेब काय म्हणाले?"

"म्हणाले, इंटरेस्टिंग. करार मात्र आधीच झालेले असतात, अम्मी. वर्षानुवर्षांचे."

पुढं अमेरिकेतल्या त्या लीगच्या सामन्यांसाठीची वेगळी वर्गणी काढून टाकल्याची बातमी आली. ॲपचे पैसे भरले की सामनेही त्यातच. मेहेकनं लगेच सांगून टाकलं की यात तिच्या प्रश्नाचा काहीही वाटा नाही, मोठ्या कंपन्या आपल्या गणितानं चालतात. आबिदाला तसंही वाटलं नव्हतं. पण बदरुद्दीननं दुकानात मात्र सगळ्यांना सांगितलं की अमेरिकेतला फुटबॉल माझ्या मुलीनं स्वस्त केला. बायकोनं टोकल्यावर म्हणाला, "थोडं वाढवून सांगितलं. तू नाय सांगत?"

दुकानात आता डिशा कुणी घेत नाही. छतांवरच्या जुन्या डिशा गंजत पडल्यात. बदरुद्दीन म्हाताऱ्या लोकांच्या घरी जाऊन त्यांच्या टीव्हीत ॲप चालू करून देतो, पासवर्ड विसरले की पुन्हा देतो. हक्क या हंगामात एकाकडे, पुढच्या हंगामात दुसऱ्याकडे, तेव्हा हंगाम सुरू होताना त्याला फार बोलावणी येतात. त्यानं आणि आबिदानं एव्हाना बाणकोटला परत जायचं ठरवलं होतं. तिथं घर बांधून तयार आहे. पण इकाम्याची मुदत संपत आली तशी उसामानं काही न विचारता नूतनीकरण करून आणलं. आईनं सांगितलंय, एवढंच म्हणाला. या वेळी रुकय्यानं शब्द टाकला होता.

मेहेक आता शनिवारी सकाळी त्या अंड्यांच्या हॉटेलात जाते. आवडतो असं नाही, म्हणते, पण कळायला तरी हवं. तिकडची सकाळ म्हणजे जेद्दातली दुपार. मधेच ती आईला फोन लावते.

"अम्मी, आत्ता गोल झाला आणि रद्द केला. का?"

"तसल्लुल असेल."

"म्हणजे?"

आबिदा सांगायला गेली आणि अडली. खेळाचा एकही शब्द तिच्याकडे कोकणीत नव्हता. जे होतं ते सगळं अरबीत. तसल्लुल म्हणजे चोरपावलांनी आत शिरणं. ती शब्द शोधत राहिली. "असं बघ. घरात पुढच्या दारानं यायचं असतं. हा आधीच मागल्या अंगणात येऊन लपून बसला, आणि चेंडू आल्यावर म्हणतो मी आत्ताच आलो."

"अच्छा. मग झेंडा दाखवला तो त्या अंगणाच्या राखणदारानं."

"त्यानंच. आता कुणाकडे आहे?"

"निळ्यांकडे."

"कुठं?"

मेहेकनं पडद्याकडे पाहिलं. "डावीकडे. नाही, थांब. मधे दिला. एक जण पळतोय."

"नीट सांग," आबिदा म्हणाली, आणि फोन दुसऱ्या कानाला लावून रुकय्याच्या शेजारी जाऊन बसली. ती आता ऐकलेलं अरबीत करून सांगायला लागली.